पाटाची गळती

नोकरीच्या एकतीस वर्षांत मी 'वहनव्यय' हा शब्द किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. पाटबंधाऱ्याच्या कामातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की धरणातून सोडलेले पाणी शेतापर्यंत पोहोचेतो वाटेत जे मुरते, झिरपते किंवा वाफ होऊन जाते, त्याला सरकारी भाषेत वहनव्यय म्हणतात. तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना असतो. त्या रकान्यातला आकडा जितका मोठा तितका कालवा नादुरुस्त आणि त्यावरचा शाखा अभियंता निष्काळजी, असा आमचा सरळ हिशेब होता. निवृत्तीनंतर नाशिकहून गावाकडे जाणे-येणे वाढले आणि आमच्या गावच्या जुन्या पाटाच्या काठाने फिरताना, हा रकाना आपण जन्मभर खर्चाच्या बाजूला मांडत आलो ते बरोबर होते का, अशी शंका मला येऊ लागली.

आमचे गाव सिन्नर तालुक्यात देवनदीच्या काठी आहे. तालुका पश्चिमेला डोंगराळ आणि पूर्वेला कोरडा. औंढा-पट्टा या किल्ल्यांकडच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस पूर्वेच्या वावी-पाथऱ्यापर्यंत येता येता ढगांच्या सावलीपुरता उरतो. देवनदी औंढेवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि कोनांबे, लोणारवाडी, कुंदेवाडी, वडांगळी अशी गावे घेत सांगवीजवळ गोदावरीला मिळते. या नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमदानीत, दगड-चुन्याचे ठेंगणे बंधारे एकापुढे एक बांधले गेले. त्यांना वळणबंधारे म्हणतात, आणि नावातच त्यांचे काम आले. पाणी साठवण्यासाठी ते बांधलेलेच नाहीत. नदीचे वाहते पाणी हात-दोन हात उचलून घ्यायचे आणि एका अंगाने काढलेल्या मातीच्या पाटात वळवायचे, एवढाच त्यांचा व्याप. पाट जमिनीच्या उताराने चालतो, त्याला मोटार लागत नाही, वीज लागत नाही. बंधाऱ्यावरून सांडलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळते. आणि वरच्या पाटातून, शेतांतून जे मुरते तेही काही दिवसांनी नदीच्या पात्रात झऱ्यांच्या रूपाने उगवते आणि पुन्हा खालच्याच बंधाऱ्याला मिळते. ज्याने ही रचना केली त्याने गळती धरूनच गणित मांडलेले असणार, हे मला वयाच्या साठीत कळले.

ही रचना काही साहेबाने शोधून काढलेली नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, बागलाणाकडे, मोसम, आरम आणि गिरणेच्या खोऱ्यांत फडपद्धत याहून कितीतरी जुनी आहे. तिथेही नदीवर बंधाऱ्यांची माळ, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात एकच पीक घ्यायचे आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची, म्हणजे पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक ठेवला तरी कोणा एकाचेच घर बसत नसे. पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नसे; त्यासाठी पाटकरी नेमलेला असायचा आणि तो सगळ्यांची शेते सारख्याच निष्ठेने, प्रसंगी सारख्याच बेफिकिरीने, भिजवायचा. शेजारच्याचे दारे फोडून पाणी पळवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण दारे हाती धरणारा माणूस त्रयस्थ होता. पाणीवाटपाच्या समन्यायावर मी पुढे बरीच परिपत्रके वाचली. त्यांपैकी एकातही इतकी व्यवहारी युक्ती आढळली नाही.

आमच्याकडचा पाट माझ्या लहानपणी वाहता होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींना कर्जे मिळू लागली, वीज आली, इंजिने जाऊन मोटारी आल्या, आणि ज्याची विहीर त्याचे पाणी असा व्यवहार सुरू झाला. पाट झाडायला जाणाऱ्या घरांची संख्या दरवर्षी कमी होत गेली. पाट कोणी बंद केला नाही. तो बंद पडला, एवढेच. मुखाशी गाळ साचला, त्यात वेडी बाभूळ माजली, लोखंडी दार एका रात्री भंगारात गेले, ज्यांच्या बांधाला पाट लागून होता त्यांनी तो इंचाइंचाने नांगरात घेतला. त्यात वाळूचा उपसा सुरू झाला. नदीचे पात्र बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला इतके खोल गेले की दीडशे वर्षांच्या दगडी बांधकामाचा पाया उघडा पडला. वाळू गेली तसे पात्रात पाणी धरून ठेवणारे काही उरले नाही. पावसाळा संपला की महिन्याभरात नदी कोरडी. काठच्या करंजांची आणि जांभळांची नवी रोपे उगवेनाशी झाली. जुनी झाडे तग धरून होती, पण त्यांच्याखाली घाणेरी आणि काँग्रेस गवत याखेरीज काही दिसत नव्हते.

देवनदीवरचे हे वळणबंधारे पुन्हा चालू करण्याचे काम लोणारवाडीच्या 'युवा मित्र' या संस्थेने गावोगावच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन केले. सुनील पोटे आणि मनीषा पोटे यांनी उभी केलेली ही संस्था. बंधाऱ्यांची डागडुजी, पाटांतील गाळ काढणे, बुजलेल्या चाऱ्या मोकळ्या करणे हे त्यातले दिसणारे काम. न दिसणारे काम म्हणजे प्रत्येक बंधाऱ्यावर पाणी वापरणाऱ्यांचे गट बांधणे आणि पाट ज्यांनी नांगरला होता त्यांना तो स्वतःहून सोडायला लावणे. यंत्राने गाळ काढायला काही आठवडे पुरतात. बांधाच्या चार बोटे जमिनीसाठी मात्र आमच्याकडे दोन पिढ्या कोर्टात जातात, हे ज्याने सिन्नरच्या कचेरीत एक दिवस काढला आहे त्याला सांगायला नको. मी तेव्हा नोकरीत होतो आणि हे सर्व दुरून, थोड्याशा अविश्वासाने पाहत होतो. या खटपटींकडे पाहून आमच्या गावातही पाटाची समिती झाली, पाट मोकळा झाला, आणि मी निवृत्त होऊन आलो तेव्हा तिसऱ्या वर्षाचे पाणी त्यातून वाहत होते.

इथे मला माझी चूक सांगायची आहे, कारण या लेखाचे निमित्तच ती आहे. घरातला एकुलता एक अभियंता म्हणून समितीने मला सल्ला विचारला. कुठूनसा थोडा निधी मिळणार होता आणि तो पाटावर खर्च करायचा होता. मी टेप घेऊन पाट मोजला, लेव्हल लावली, आणि मुखाजवळचा थोडा भाग सोडून पुढच्या तीनशे मीटरचे काँक्रीट अस्तरीकरण करावे असे ठासून सांगितले. जमीन तिथे मुरमाड आहे, पाणी सर्वांत जास्त तिथेच मुरते, म्हणून पैसा तिथेच घालावा, असा माझा युक्तिवाद होता आणि पुस्तकाप्रमाणे तो बिनचूक होता. काम झाले. पहिल्या हिवाळ्यात पाणी टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटापर्यंत, पूर्वीच्या निम्म्या वेळात पोहोचले. टेलच्या शेतकऱ्यांनी माझा नारळ देऊन सत्कार केला. तो नारळ घरी फोडून खाल्ला, हेही नमूद करतो.

दुसऱ्या वर्षी माघ महिन्यात थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे आप्पांचा, फोन आला. त्यांची विहीर या तीनशे मीटरच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, पाटापासून दोन वावरे सोडून आहे. विहीर जुनी, बिनबांधणीची, वरची दोन पुरुष खोली काळी माती आणि मग मुरूम. जिथे माती संपून मुरूम लागतो तिथे, पूर्वेच्या बाजूने, एक पाझर होता. पाट चालू असला की त्या जागी भिंत ओली काळी दिसायची आणि पाण्याची एक बारीक धार शेवाळावरून उतरत राहायची. पाट बंद झाल्यावरही ती पंधरा-वीस दिवस टिकायची. त्या ओलीवर भिंतीतच उंबराचे एक रोपटे वाढले होते आणि वरच्या बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत असायची. मी गेलो तेव्हा पाट वाहत होता आणि विहिरीची ती भिंत कोरडी होती. शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. उंबराच्या रोपाने पाने टाकली होती. आप्पा काहीही बोलले नाहीत. त्यांनी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, ओली झालेली दोरी वर काढून माझ्या हातात दिली आणि चहा सांगायला घराकडे गेले.

पाटावरही फरक दिसत होता, फक्त तो पाहायला मी इतके दिवस गेलो नव्हतो. अस्तरीकरणाच्या आधीच्या भागात, म्हणजे मुखाजवळ, आणि त्याच्या पुढच्या मातीच्या भागात दोन्ही काठांना लव्हाळा होता, निरगुडी होती, खेकड्यांची बिळे होती, आणि त्या खेकड्यांवर टपलेला एखादा वंचक, म्हणजे लहान बगळा, मान आखडून बसलेला असायचा. मधल्या तीनशे मीटरांत स्वच्छ करडे काँक्रीट आणि त्यातून घाईघाईने जाणारे पाणी. पाटावर पूर्वी पाटकऱ्याचे काम केलेले एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, पाणी पाटात राहिलं नाही तर जमिनीत गेलं. पळून जाऊन जाऊन कुठं जाणार होतं ते?" मी उत्तर दिले नाही. एकतीस वर्षांच्या तक्त्यांमध्ये मला या प्रश्नाचा रकाना सापडला नाही.

पण इथे थांबून 'मातीचा पाट चांगला, काँक्रीट वाईट' असा निकाल देणे सोपे आहे आणि तो मला द्यायचा नाही. टेलच्या शेतकऱ्याची बाजू तितकीच खरी आहे. त्याच्या दृष्टीने गळती म्हणजे वरच्या लोकांच्या विहिरीत बिनबोभाट जाणारे त्याचे पाणी. वरचा शेतकरी पाटाच्या पाळीत एकदा भिजवतो आणि पाळी संपल्यावर मोटार लावून दुसऱ्यांदा भिजवतो. टेलचा माणूस पाटावर कोरड्या डोळ्यांनी बसून राहतो. त्यात आता प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आली आहेत. पावसाचे पाणी धरण्यासाठी असलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरून ठेवायचे, म्हणजे भुईच्या पोटात सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचे, हा प्रकार सिन्नरपासून चांदवडपर्यंत सर्रास चालतो. मुरलेले पाणी सर्वांचे राहते ते फक्त मुरलेले असेपर्यंत. ज्याच्याकडे खोल विहीर आणि मोठी मोटार, त्याच्याकडे ते शेवटी जाते.

या गुंत्यातून वाट काढलेली माणसे आमच्याच जिल्ह्यात आहेत आणि त्यांचे काम मला नोकरीमुळे ठाऊक होते, तरी त्याचा हा अर्थ तेव्हा ध्यानात आला नव्हता. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याचे पाणी ओझरपर्यंत, म्हणजे टेलपर्यंत, धड पोहोचत नव्हते. 'समाज परिवर्तन केंद्रा'चे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सरकारकडून पाणी मोजून, घनमापनाने घ्यायचे आणि आपसांत आपण वाटायचे, असा तो करार. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांच्या व्यवस्थापनाखाली आला. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा केला, त्याच्या आधीपासून हे लोक तसे वागत होते. मला आज महत्त्वाची वाटते ती त्यांची एक वेगळी गोष्ट. ओझरच्या शेतकऱ्यांनी बाणगंगेवर आणि नाल्यांवर बंधारे घातले, त्यांत पाणी अडवून भोवतालच्या विहिरी भरून घेतल्या, आणि पाटाचे पाणी व विहिरीचे पाणी ही दोन निराळी खाती न मानता एकच खाते मानले. द्राक्षबाग वाढवायची तर वेळेवर थोडे थोडे पाणी लागते, आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहून चालत नाही. ते काम विहीरच करू शकते, आणि विहीर भरण्याचे काम पाझर करतो. आम्ही ज्याला व्यय म्हणत होतो, ते यांनी जमेला धरले होते.

गोदावरीवर याचेच एक मोठे आणि जास्त अवघड उदाहरण आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. कालव्यांसाठी बांधलेला हा बंधारा गाळाने भरत गेला. साठवण कमी झाली, म्हणजे अभियंत्याच्या भाषेत प्रकल्प खालावला. पण त्या गाळाची बेटे झाली, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदके हजारोंच्या संख्येने उतरू लागली. १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत ते राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. चापडगावची मुले आज दुर्बिणी घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी यांतला फरक ती ज्या सहजतेने सांगतात, ती पाहून मला माझ्या शहरी नातवंडांची दया येते. मात्र सायखेडा-चांदोरीच्या माणसाला या गाळाविषयी विचारावे. गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या बाजारपेठेत शिरते आणि तो बोट दाखवतो ते बंधाऱ्यात साचलेल्या गाळाकडे. त्याला पक्ष्यांचे कौतुक ऐकवायला जाण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय नाशिक शहराचे सांडपाणी आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली याच नदीने खाली येतात. ती खोट बंधाऱ्याची नाही, गाळाचीही नाही. आम्हा शहरात राहणाऱ्यांची आहे.

आमच्या पाटाचे प्रमाण त्यामानाने अगदी लहान, आणि म्हणून बोलणी तरी होऊ शकली. गेल्या वर्षी पाटाच्या साफसफाईच्या दिवशी समिती मुखाशीच बसली. साफसफाई दर वर्षी पोळ्यानंतर होते. घरटी एक माणूस, आपापले फावडे आणि भाकरी घेऊन येतो. न येणाऱ्याने दिवसाची मजुरी भरायची. गाळ काढायचा तो फक्त पाटाच्या तोंडाशी आणि चारीच्या फाट्यांवर, काठचा लव्हाळा मुळासकट खणायचा नाही, वेडी बाभूळ मात्र मुळासकटच काढायची, हे नियम तात्यांनी घालून दिलेले आहेत आणि त्यांची कारणे ते कोणाला सांगत नाहीत. लव्हाळा काठाची माती धरून ठेवतो, हे मी पुस्तकातून ताडून पाहिले, बरोबर आहे.

त्या बैठकीत दोन तास भांडण झाले. शेवटी ठरले ते असे: अस्तरीकरणाच्या तीनशे मीटरांपैकी खालच्या शंभर मीटरांत बाजूचे काँक्रीट ठेवून तळाचे फोडायचे, आणि ज्यांच्या विहिरी पाटापासून दोन वावरांच्या आत आहेत त्यांनी पाटाची पाळी टेलच्या सर्वांचे भरणे झाल्यावर, शेवटी घ्यायची. म्हणजे पाझराचा लाभ ज्याला, त्याने पाळीचा मान सोडायचा. ही अट आप्पांनीच सुचवली. विहिरीतले पाणी शेततळ्यात उपसायचे नाही, असा तिसरा मुद्दा निघाला होता. त्यावर बरेच जण एकाएकी उठून फावडी धुवायला नदीवर गेले.

तळ फोडायला, करायला आला होता त्याहून जास्त त्रास झाला. शंभरांपैकी साठ मीटरचे काम झाले आहे. पाणी टेलला पोहोचायला आता तळ फोडण्याआधीपेक्षा तीन-साडेतीन तास जास्त लागतात, आणि रात्रीच्या पाळीला टेलचा एक पुतण्या मला फोन करून तो वेळ न चुकता कळवतो. आप्पांच्या विहिरीची पूर्वेची भिंत यंदा मार्गशीर्षात ओली झाली, धार मात्र अजून धरलेली नाही. महिन्यातून दोनदा मी दोरी सोडून विहिरीची पातळी मोजतो. वहीत तारीख, पाट चालू की बंद, आणि ओल्या दोरीची लांबी, असे तीन रकाने आखले आहेत. चौथ्या रकान्याला काय नाव द्यावे ते ठरलेले नाही. तात्या म्हणतात, दोन पावसाळे जाऊ द्या. उरलेल्या चाळीस मीटरला टेलच्या दोघांची संमती यायची आहे, आणि त्यांच्या घरी सोमवारी मला जायचे आहे.